आजोळची वंशावळ: डोळ्याच्या पडद्याचा आजार घराण्यात कुठून आला ते कागदावर कसं मांडायचं

माझ्या आजोळी, सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, दर दोन-तीन वर्षांनी हेळवी यायचा. ओट्यावर बसायचा, पोथी उघडायचा आणि मामांच्या घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायचा. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे मुलगे चार. आजी त्याला धान्य घालायची, कापड द्यायची. त्या पोथीत लेकी नव्हत्या. लेक लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथंच थांबायची. आमच्या घरातला डोळ्यांचा आजार नेमका त्या थांबलेल्या ओळींमधून चालत आला, म्हणून चार पिढ्या तो कुणाच्या लक्षात आला नाही.

मी कळव्याला राहते आणि नौपाड्यातल्या एका पतपेढीत खातेवह्या सांभाळते. माझ्या मुलाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, सगळे त्याला आरपी म्हणतात. माझ्या भावाला आहे, थोरल्या मामाला होता, आजीच्या भावाला होता. हे चौघं एका कागदावर यायला माझ्या मुलाच्या वयाची पहिली बारा वर्षं जावी लागली. तुमच्या घरात कुणाला आरपी, स्टारगार्ट, लेबर किंवा पडद्याचा असा दुसरा कुठला आजार निघाला असेल, तर रक्ततपासणीचे पैसे भरायच्या आधी हा कागद करा. मी कसा केला ते सांगते.

आधी आजाराची चाल समजून घ्या

पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, शंकूपेशी रंग आणि बारीक अक्षर बघतात. आरपीमध्ये आधी दंडपेशी मरत जातात. म्हणून पहिली तक्रार संध्याकाळची असते. मग बाजूचं दिसणं आत आत सरकतं, आणि समोरचं शेवटी जातं. स्टारगार्टमध्ये उलट, मधलंच आधी जातं आणि मूल पुस्तक नाकाशी नेतं. ही चाल डोक्यात असेल तरच जुन्या माणसांना काय विचारायचं ते कळतं.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना तलावपाळीवर दिवे लागायच्या वेळी माझी ओढणी धरून चालायचा. मला वाटायचं, गर्दीला घाबरतो. गडकरी रंगायतनमध्ये बालनाट्याला गेलो होतो, दिवे मालवल्यावर तो रांगेतल्या बाईंच्या मांडीवर जाऊन बसला. डॉक्टरांकडे नेलं तर चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला आणि अ जीवनसत्त्वाचं औषध. दोन वर्षं मी त्याला गाजर, पपई, शेवग्याचा पाला खाऊ घातला. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही रातांधळेपणा येतो, ते खरंच आहे, पण तो औषधानं थोड्या दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुधारू लागतो. सुधारला नाही तर थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा, आणि ईआरजी करायला सांगा. ईआरजीत रुग्णाला किमान वीस मिनिटं काळोखात बसवून मग उजेडाच्या झोतांना पडदा कसा प्रतिसाद देतो ते मोजतात. आमची ती दोन वर्षं वाया गेली. तुमची जाऊ नयेत.

विचारायचं कुणाला आणि कसं

आमच्याकडे प्रत्येक पिढीनं आपलं कारण शोधून ठेवलेलं होतं. आजीचा भाऊ, आम्ही त्यांना तात्याआजा म्हणायचो, देवी आल्या म्हणून आंधळे झाले असं सगळं गाव सांगायचं. थोरला मामा गलाईच्या धंद्यात. विटा-खानापूरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत, तसा हा कोइमतूरला. भट्टीच्या धगीनं आणि तेजाबाच्या धुरानं त्याचे डोळे गेले असं ठरलं. भावाला वीस वर्षांपूर्वी आरपी असं लेखी निदान मिळालं होतं, तरी घरात बोल लागला तो रात्रपाळीला. माझ्या मुलाच्या वेळी मोबाइल होताच. चार माणसं, चार कारणं. त्यामुळे चौघांना एकत्र कुणी बघितलंच नाही.

‘तुमच्यात कुणी आंधळं होतं का?’ असं विचारू नका. घरात लग्नाच्या मुली असतात, उत्तर ‘नाही बाई, तसलं काही नाही’ हेच येणार. वागणं विचारा. दिवेलागणीनंतर तो माणूस एकटा बाहेर पडायचा का? उंबऱ्याला, पायरीला ठेचकाळायचा का? समोरच्याला ओळखायचा, पण बाजूनं आलेली सायकल त्याला दिसायची नाही, असं होतं का? ताटातली भाजी चाचपून घ्यायचा का? उशाशी बॅटरी ठेवायचा का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर नजर परत आली का?

मी विट्याला गेले, मावशीजवळ दुपारी शेंगा फोडत बसले आणि विचारलं, तात्याआजा रात्री बाहेर जायचे का गं? ती म्हणाली, ‘न्हाय बाई. सांजच्याला देवळातनं मीच हाताला धरून आणायची त्यास्नी. दिवसा मात्र मोट हाकायचं.’ मग मी विचारलं, तोंडावर देवीचे वण होते का? मावशी थांबली. ‘वण? वण न्हवतं की गं.’ देवीनं डोळा गेला तर बहुतेक वेळा बुबुळावर पांढरं फूल पडतं आणि चेहऱ्यावर वण राहतात. तात्याआजांचे डोळे दिसायला स्वच्छ होते. पन्नास वर्षांचं कारण त्या एका उत्तरानं गळून पडलं.

मामाबद्दल मामीला विचारलं. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, वरातीत ते भावाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, मला वाटलं लाजतात. लग्न झालं तेव्हा मामानं भट्टीचं तोंडही बघितलं नव्हतं. कोइमतूर त्यानंतरचं.

म्हणून कारणाच्या आधी तारीख लावा. त्रास केव्हा सुरू झाला आणि ज्याला दोष देतात ते कधी घडलं, हे शेजारी शेजारी लिहा. सन आठवत नसेल तर दुष्काळ, कुणाचं बारसं, कोयनेचा भूकंप अशा खुणा वापरा. आमच्याकडे १९७२चा दुष्काळ सगळ्यांना पाठ आहे, त्यावरून अर्ध्या तारखा लागल्या.

विचारा म्हाताऱ्या बायकांनाच. पुरुषांना गोत्र आणि जमिनीचे गट ठाऊक असतात. कोण कुणाचा हात धरून चालायचं हे बायकांनी बघितलेलं असतं. लग्नाकार्याच्या गर्दीत हा विषय काढू नका. एका बैठकीत एकच माणूस घ्या, आणि रात्री घरी आल्यावर तारखेसह लिहून ठेवा.

कागद आखणं

चार्ट पेपर आडवा घ्या आणि पेन्सिलनं काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असलेल्याची खूण काळी भरायची. वाहक बाई, म्हणजे जिच्यात दोष आहे पण जिला स्वतःला त्रास नाही किंवा किरकोळ आहे, तिच्या गोलात मधे ठिपका. गेलेल्या माणसाच्या खुणेवर तिरकी रेघ. नवरा-बायको आडव्या रेघेनं जोडायचे आणि ते नात्यातले असतील तर ती रेघ दुहेरी. ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याच्याकडे बाण. जगभरच्या डॉक्टरांना या खुणा कळतात, त्यामुळे कागद बोलतो आणि तुम्हाला कमी बोलावं लागतं.

प्रत्येक खुणेखाली दोन वयं लिहा: संध्याकाळी अडखळायला लागलं ते वय आणि काम सोडावं लागलं ते वय. शिवाय कान. आरपीबरोबर लहानपणापासून ऐकू कमी येत असेल तर तो अशर सिंड्रोम असू शकतो. हातापायाला सहावं बोट, लहानपणापासूनची स्थूलता, मूत्रपिंडाचा त्रास, हे एकत्र दिसलं तर बार्डेट-बीडल. सहावं बोट काढून टाकलेलं असतं आणि कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम विचारा. नवरा-बायको दोघांची मूळ गावंही लिहा. मेलेली, न जगलेली मुलंसुद्धा लिहा. आजीला अशी दोन होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सगळ्यात महत्त्वाचं, लेकींच्या ओळी थांबवू नका. आत्या, मावशी, चुलतबहीण कुठल्या गावी दिली, तिला मुलं किती, ती कशी आहेत, तिथपर्यंत जा. मी फोन फिरवत गेले: विटा, कोइमतूर, कानपूर, आणि घणसोलीला राहणारी मामाची धाकटी मुलगी, जिला मी सात वर्षांत भेटले नव्हते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं अर्ध्या तासावर. तिचा मुलगा सात वर्षांचा. ती म्हणाली, ‘ताई, तो सोसायटीच्या जिन्यात रोज पडतो गं. त्याला ओरडते मी.’

कागद वाचणं

आमच्या कागदावर काळे चौकोन चार आणि काळा गोल एकही नाही. एका काळ्या चौकोनापासून दुसऱ्याकडे जायचं तर दर वेळी मधे एक बाई लागते. तात्याआजांची बहीण म्हणजे माझी आजी, तिचा मुलगा मामा. मामाची बहीण माझी आई, तिचा मुलगा माझा भाऊ. भावाची बहीण मी, माझा मुलगा. मामाकडून भाच्याकडे, पुन्हा मामाकडून भाच्याकडे. आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या समुपदेशक बाईंनी कागद बघितला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, हे एक्स गुणसूत्रावरचं दिसतंय.

बाईला एक्स दोन असतात, पुरुषाला एकच आणि तो आईकडूनच येतो. बाईचा एक बिघडला तर दुसरा बराचसा सांभाळून घेतो. मुलाकडे दुसरा नसतोच. वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आजार असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात, कारण त्याचा तो एकच एक्स प्रत्येक मुलीला जातो. त्याच्या मुलांना मात्र त्याच्याकडून हा आजार जात नाही. माझ्या भावाचा मुलगा लहानपणापासून रात्री घरातले दिवे घालवून स्वतःची परीक्षा घ्यायचा. त्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

असा संशय असेल तर मुलाला नेता त्याच दिवशी आईच्याही बाहुल्या मोठ्या करून पडदा बघायला सांगा. काही वाहक बायकांच्या पडद्यावर सोन्याची पूड भुरभुरल्यासारखी चकाकी असते. माझ्या आहे. मला संध्याकाळी थोडं कमी दिसतं हेही मी तेव्हाच कबूल केलं, एरवी थकवा म्हणून सोडून देत होते. सगळ्याच वाहक बायकांत ही खूण दिसत नाही. पडदा साफ दिसला म्हणून बाई वाहक नाही असं धरू नका.

तुमचा कागद वेगळा असेल. आपल्याकडे जास्त करून दिसतो तो दुसरा नमुना: एकाच पिढीत भावंडांना आजार, मुलगे आणि मुली दोघांनाही, आईबाप ठणठणीत, मागं कुणी नाही. इथं आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आलेली असते. दर गरोदरपणी आजाराची शक्यता चारात एक. जी भावंडं धडधाकट आहेत ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. स्टारगार्टचं एबीसीए४, लेबरमधलं आरपीई६५, अशरचं यूएसएच२ए ही जनुकं या रीतीची. आणि इथं ती दुहेरी रेघ महत्त्वाची. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करणं हा मान समजतात. सख्ख्या मामे-आतेभावंडांमध्ये सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, त्यामुळे एकच दुर्मीळ दोष दोघांकडे असण्याची शक्यता बरीच वाढते. दुहेरी रेघ नसली तरी निर्धास्त होऊ नका. वर्षानुवर्षं त्याच जातीत, त्याच वीस गावांच्या टापूत सोयरिकी होत असतील तर नातं आठवत नाही इतकंच. परदेशी पुस्तकांत आरपी चार हजारांत एकाला असं लिहितात. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत ते प्रमाण साडेसातशेत एक, असं निघालं.

आता आमच्या घरातली अवघड गोष्ट सांगते, कारण ती दोन्ही नमुन्यांच्या मधे सापडते. माझ्या भावाच्या मुलीच्या बारशालाच मावशीनं म्हटलं होतं, ‘घरातच सून आली.’ माझा मुलगा आणि ती. गमतीत म्हटलेलं, पण गावाकडे अशी गंमत पुढं खरी होते. ती भाची नक्की वाहक आहे, माझ्या मुलाला आजार आहे. अशा जोडप्याच्या मुलग्यांना निम्मी शक्यता तर असतेच, मुलींनाही निम्मी असते, कारण तिथं दोन्ही एक्स बिघडलेले येऊ शकतात. आणि ज्या मुली वाचतील त्या सगळ्या वाहक. मी हे मावशीला कागदावर बोट ठेवून दाखवलं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

तिसरा नमुना सोपा: आजोबा, मुलगी, नातू असा दर पिढीत आजार, बाईलाही पुरुषालाही, बापाकडून मुलालाही. एक प्रत बिघडली तरी पुरते आणि शक्यता निम्मी. कधी मधली पिढी कोरडी जाते, तेवढ्यावरून हा नमुना खोडून टाकू नका. आणि आईकडून येणारं सगळंच एक्सवरचं नसतं. तरुण वयात काही आठवड्यांत मधलंच दिसणं गेलं आणि आजोळी असंच घडलेलं असेल तर लेबरचा दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, आजार आठवा. वर आलेला पडद्याचा लेबर वेगळा. त्याचा दोष मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतून येतो, आईकडून सगळ्या मुलांना जातो आणि बापाकडून कुणालाच जात नाही, पण दोष आलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. कागदावर एकच काळी खूण असेल तरी तपासणी करा. एकटी केसही आनुवंशिक असू शकते.

रक्त द्यायच्या आधी विचारायचे प्रश्न

आजार ज्याला स्पष्ट आहे त्याचं रक्त आधी द्यायचं. दोन-चार मिलिलीटर, जांभळ्या झाकणाच्या नळीत. उत्तर यायला काही आठवडे लागतात. पडद्याच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली अडीचशेहून जास्त जनुकं माहीत आहेत, म्हणून एकेक बघत नाहीत, सगळ्यांचा संच एकदम वाचतात.

आमचा पहिला रिपोर्ट आला ‘निगेटिव्ह’. मी कळवा स्टेशनच्या बाकावर बसून तो तीनदा वाचला. मला वाटलं, मग माझा कागद खोटा. समुपदेशक बाईंनी उलट केलं, कागद खरा धरला आणि रिपोर्टवर शंका घेतली. एक्सवरच्या आरपीत सर्वांत जास्त वेळा सापडणारं जनुक आरपीजीआर. त्याचा एक भाग आहे, ओआरएफ१५. त्यात तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तुकडे वाचून जोडणारी यंत्रं तिथं चुकतात किंवा तो भाग गाळतात. आणि या जनुकातले निम्म्याहून अधिक दोष नेमके तिथंच असतात. तो भाग वेगळ्या पद्धतीनं वाचायला पाठवला, आणि दोष सापडला. कागद नसता तर आम्ही ‘निगेटिव्ह’ फाइलला लावून गप्प बसलो असतो.

म्हणून पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आरपीजीआरचा ओआरएफ१५ भाग नीट वाचता का? जनुकाचा मोठा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर तुमच्या तपासणीत कळतो का? आईबापांची पडताळणी याच पैशांत आहे का? कच्चा डेटा आम्हाला देता का, आणि एक-दोन वर्षांनी तो पुन्हा तपासून देता का? शेवटचा प्रश्न सोडू नका. आज निरर्थक वाटणारा बदल दोन वर्षांनी ओळखीचा झालेला असतो.

रिपोर्टमध्ये जनुकातल्या बदलाची पाच गटांत वर्गवारी असते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. घोळ होतो तो मधल्या गटावर. त्याला व्हीयूएस म्हणतात. व्हीयूएस म्हणजे निदान नव्हे. त्यावरून कुणाचं लग्न मोडू नका, कुणाला वाहक ठरवू नका. आपल्याकडे व्हीयूएस जास्त येतात याचं एक कारण असं, की तुलनेसाठीचा साठा फार काळ युरोपीय वंशाच्या लोकांचा होता. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, त्यानं फरक पडेल. तोवर तुमचं घराणं हाच पुरावा. तो बदल आजारी माणसांत आहे आणि धडधाकट मामांत नाही, असं दाखवता आलं तर अर्थ लागू लागतो. माझ्या धाकट्या मामानं, ज्याला काही झालेलं नाही, ६८व्या वर्षी विट्याहून रक्त पाठवलं ते याचसाठी.

धडधाकट लहान मुलींची वाहक-तपासणी उगाच करून घेऊ नका. माझी मुलगी १६ वर्षांची आहे. अठराची झाली की ती ठरवेल. तो निर्णय तिचा आहे, माझा नाही.

उपचार नाही तर तपासणी कशाला, असं भावानं विचारलं होतं. आरपीई६५ या एका जनुकासाठी जनुकोपचार आहे. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१७मध्ये मंजुरी मिळाली, तिथं दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली होती. आरपीजीआरवर माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, होत आहेत. आपलं जनुक कुठलं ते माहीत नसेल तर अशा कुठल्याच दारात उभं राहता येत नाही. आणि खरी चाचणी रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागत नाही. ती सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत सापडते. पैसे घेऊन डोळ्यात स्टेमसेलचं इंजेक्शन देणारे भेटतील. पडद्याच्या आजारासाठी असा उपचार चाचणीबाहेर देण्याला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत परवानगी नाही. आमच्या नात्यातल्या एकानं त्यात एक दागिना घालवला.

घरात सांगणं

सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे तुमच्याकडून आलं.’ मी तेव्हा रडले. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन गेले आणि समुपदेशक बाईंनाच सांगू दिलं, की प्रत्येक माणसात असे काही दोष लपलेले असतात, कुठला कुणाला जाईल हे आईच्या हातात नसतं. घरातल्या माणसानं सांगितलेलं भांडण होतं, बाहेरच्यानं सांगितलेली माहिती होते. हे जमण्यासारखं असेल तर कराच.

माझ्या आईला सांगताना मी ‘तुझ्याकडून’ हा शब्द वापरला नाही. कागद पुढं ठेवला, तिनं स्वतः बोटानं रेघ धरून वरपासून खाली आणली आणि माझ्या मुलाच्या चौकोनावर थांबली. मी चहा टाकायला उठले. काही वेळ माणसाला एकटं लागतं.

लांबच्यांना निरोप पाठवताना व्हॉट्सॲपच्या घोळक्यात टाकू नका. एकेकीला फोन करा, आणि पहिल्या वाक्यातच सांगा की हे का सांगतेय: तुझ्या मुलाची तपासणी वेळेत व्हावी म्हणून. पुढच्या मुलाचा विचार असलेल्या बाईनं समुपदेशकाला गरोदर राहायच्या आधी भेटावं. घराण्यातला दोष नेमका माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तपासणी होऊ शकते. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यात आनुवंशिक आजारासाठी अशा तपासणीला जागा आहे. गर्भ मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. पुढं काय करायचं ते त्या जोडप्यानं ठरवायचं, मी त्यात कुणाला सल्ला देत नाही.

राहिलेली कामं

दर वर्षी पडदा तपासा. आरपीत मधे येणारी सूज आणि मोतीबिंदू यांवर उपचार असतो, आणि ‘आरपीच आहे, जाणारच नजर’ म्हणून लोक तोही घेत नाहीत. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा स्वतःच्या मनानं देऊ नका. स्टारगार्टमध्ये त्या टाळायच्याच असतात. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यूडीआयडी या अपंगत्व ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करा आणि सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे जाताना दृष्टिक्षेत्राचा आलेख न विसरता न्या. आरपीच्या माणसाला समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, आणि तेवढ्यावर त्याला परत पाठवतात. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व, असं स्पष्ट लिहिलंय. दाखला ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात. नवी मुंबईकरांना वाशीचं महापालिकेचं अपंगांसाठीचं ईटीसी केंद्र जवळ आहे. कान आणि डोळे दोन्हींचा त्रास असेल तर महापेला हेलन केलर संस्था आहे.

घणसोलीच्या बहिणीच्या मुलाची ईआरजी झाली. त्याला आहे. आता शाळेत त्याची जागा पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून आहे, आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना तिनं स्वतः पिवळा रंग मारलाय. ती त्याला ओरडत नाही.

मागच्या रविवारी भाची आमच्याकडे आली होती. सतरा वर्षांची आहे. कागद भिंतीला लावलेला असतो, ती समोर उभी राहिली, स्वतःचा गोल शोधला आणि म्हणाली, ‘आत्या, माझ्यात ठिपका का नाही काढला?’ मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा काढणार होते. तिनं टेबलावरची पेन्सिल घेतली आणि काढला. मग खाली स्वतःच्या अक्षरात तारीख घातली.